गुडघाभर पाणी

६ मार्च, शुक्रवार

ती. अक्कास,
शेंडेफळाचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझी दोन पत्रं आली, उत्तर एकाचंही दिलं नाही. रागावू नकोस. लाँच बुडाली त्याला आज नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत मी पेन उचललं ते फक्त गेलेल्यांची नावं लिहायला.

तू वर्तमानपत्रात वाचलंच असशील. संध्याकाळच्या फेरीची लाँच पाण्याखाली दडलेल्या ओंडक्यावर आदळली आणि फुटली. अकरा माणसं गेली. धक्क्याला जवळची मोठी जागा म्हणजे आपलं चर्च, म्हणून दारं उघडली ती अजून लावलेली नाहीत. पहिले दोन दिवस एका बाजूच्या बाकांवर वाट पाहणारी माणसं होती आणि दुसऱ्या बाजूच्या बाकांवर सापडलेली. मधे आपला तो जुना पडदा, बाप्तिस्म्याच्या वेळी कपडे बदलायला लावतो तो. तुझी भावजय किटली घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती. प्रार्थना मागेल त्याच्यासाठी मी प्रार्थना केली, मागणार नाही त्याच्याशेजारी नुसता बसलो. आता घरोघरी जातो. मंडळीतलं घर कोणतं आणि बाहेरचं कोणतं हे पाहत नाही. पण प्रत्येक दारात कडी वाजवण्याआधी एकदा मागे फिरून येतो.

घड्याळजींची मुलगी गेली. तू इथून गेलीस तेव्हा तिचे पुढचे दात पडलेले होते. अलीकडे रविवारच्या शाळेत लहानांना शिकवायची. एकुलती एक.

लाँच चालवणारा मात्र वाचला. चौकशी झाली, त्याचा दोष नाही म्हणून सोडून दिलं. लोकांना ते पटलेलं नाही. त्याच्या घराची एकही काच धड राहिलेली नाही. हा लाँचवाला वर्षभर गुरुवारी धक्क्यावरच्या माझ्या वाचनवर्गाला येत होता. पंधरा तारखेला त्याचा बाप्तिस्मा ठरलेला होता. मला वाटलं, आता येणार नाही. पण तो आला आणि म्हणाला की मंडळीला चालत असेल तर मला त्याच दिवशी घ्या.

त्याला घ्यायचं की नाही यावर काल मंडळीचं मतदान झालं. रिवाजाप्रमाणे तो बाहेर अंगणात उभा राहिला. मी विचारलं, आणि एकही हात वर होईना. सगळ्यांचे डोळे घड्याळजींकडे. सर्वांत आधी हात वर केला तो त्यांनीच. मग बाकीचे हात आले.

मला आनंद व्हायला हवा होता. पण आपली पद्धत तुला ठाऊक आहे. पाण्यात दोघं उभे राहतात, समोर पाळक आणि मागे एक वडीलधारा, मानेखाली हात देऊन. बावीस वर्षं ती मागची जागा घड्याळजींची आहे. सभा संपल्यावर त्यांनी मला विचारलं की माणसाला आपण पाण्याखाली किती वेळ ठेवतो. मी म्हटलं, दोनेक सेकंद, तुम्हालाच जास्त माहीत. मग त्यांनी विचारलं की पाण्याखाली माणूस जिवंत किती वेळ राहतो. उत्तराची वाटही न पाहता निघून गेले. डॉक्टर सांगत होते की त्यांनाही हेच दोनदा विचारून झालं आहे.

अक्का, मला भीती वाटते. कशाची, ते लिहायला हात धजत नाही.

माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा
शेंडेफळ


१० मार्च, मंगळवार

चि. शेंडेफळास,
अक्काचे अ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि मशीनवर बसले तर सुई दोनदा बोटात गेली. शेवटी पाय खाली सोडून नुसती बसून राहिले. तू जे लिहिलं नाहीस ते मला कळलं. लहानपणी विहिरीत डोकावायला घाबरायचास तेव्हाही असाच अर्धं बोलून थांबायचास.

त्या घड्याळजींना मी तुझ्याआधीपासून ओळखते. मी पाण्याखाली गेले पण माझी वेणी वर तरंगत राहिली, आणि सगळं अंग बुडाल्याशिवाय बाप्तिस्मा पुरा होत नाही, म्हणून त्यांनी मला पुन्हा खाली घालायला लावलं होतं. नाकातोंडात पाणी गेलं, वर आले तर हे गृहस्थ सांगतात की आता कसं नीट झालं. सेकंदकाट्यासारखा माणूस. त्यांच्या हातून कुणाला इजा होईल असं माझं मन म्हणत नाही. पण एकुलती एक पोर गेलेल्या बापाचं मन काय म्हणत असेल ते मी कसं सांगू?

आणखी एक गोष्ट आठवली. बाप्तिस्म्याचे ते पांढरे झगे मी शिवले आहेत. पाण्यात फुगून वर येऊ नयेत म्हणून खालच्या काठात शिशाचे तुकडे घातले आहेत. त्या माणसाच्या झग्यातले आधी उसवून काढ. डाव्या बाजूला टाका दुहेरी आहे, तिथून कातरी घाल. कापड फाडून ठेवू नकोस, तुझा हात मला माहीत आहे.

माझं ऐकशील तर सरळ घड्याळजींच्या दुकानात जा, स्टुलावर बस आणि मनात काय आहे ते विचार. ओरडतील, हाकलून देतील, पण कळेल तरी. तू पाळक झालास म्हणून तुला भ्यायची चोरी नाही. मात्र भ्यालास की तू लबाडी करतोस. आईची बरणी तुझ्या हातून फुटली तेव्हा मांजराचं नाव कुणी घेतलं होतं?

भावजयीला म्हणावं, दोन घास जेवत जा. रविवारी उपासनेच्या वेळेला मी इथे दार लावून गुडघ्यांवर असेन.

दूर आहे म्हणून परकी समजू नकोस.

तुझी
अक्का


१४ मार्च, शनिवार

ती. अक्कास,
सप्रेम सलाम. वि. वि.

शिसं काढलं. कापड थोडं फाटलं.

दुकानात तीनदा गेलो. पहिल्यांदा गिऱ्हाईक होतं. दुसऱ्यांदा ते डोळ्याला भिंग लावून बसले होते, मान वर केली नाही. तिसऱ्यांदा कुणीच नव्हतं. मी माझं चांगलं चालणारं घड्याळ मागे पडतंय म्हणून दुरुस्तीला देऊन आलो. हसू नकोस.

आज लाँचवाला भेटून गेला. त्या दिवसापासून तोंड धुतानाही डोळे मिटवत नाहीत म्हणाला. मी त्याला म्हटलं की थोडं थांबू या, महिनाभराने करू. तो म्हणाला की महिनाभराने मी पाण्याजवळ फिरकणारसुद्धा नाही, धक्क्याकडेही नाही आणि तुमच्याकडेही नाही. मग उद्याचंच कायम ठेवलं.

आता खरं सांगतो. व्यासपीठाच्या फळ्या काढून मी खालच्या बाप्तिस्म्याच्या हौदाचा नळ सोडला, आणि पाणी गुडघ्याला लागल्याबरोबर बंद करून फळ्या परत लावल्या. कमरेपर्यंत हवं, हे मला कळतं. पण गुडघाभर पाण्यात माणूस हात टेकून उठून बसू शकतो. त्याला बसवून मागे झुकवीन. कुणी विचारलं तर सांगेन की नळाला पाणी नव्हतं.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरीही लोभ ठेव.

तुझा
शेंडेफळ


१६ मार्च, सोमवार

ती. अक्कास,
शेंडेफळाचा सप्रेम सलाम. वि. वि.

सगळे सुखरूप आहेत. हे आधी वाच, मग खाली बस आणि पुढचं वाच.

काल मी फळ्या काढायला लवकर गेलो, तर घड्याळजी माझ्याआधी हजर. फळ्या काढून हौदाकडे पाहत उभे होते. मंडळी बाकांवर येऊन बसत होती. मी म्हटलं की कालपासून नळाला पाणी नाही. ते वाकले, नळ फिरवला, आणि पाणी असं धो-धो आलं की पुढच्या बाकावरच्या आजींनी पाय वर घेतले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अक्का, त्यांना सगळं समजलं. मी त्यांना काय समजलो होतो, तेसुद्धा. अकरा मृत्यू पाहूनही मी उभा होतो, पण त्या नजरेपुढे मला बसावं लागलं.

घड्याळजींनी पँट दुमडली, वरच्या पायरीवर बसले आणि पाय पाण्यात सोडले. लाँचवाल्याला खूण करून शेजारी बसवलं. तो आधीच झगा घालून आलेला होता. गुडघ्यापासून कमरेपर्यंत पाणी चढायला सव्वा तास लागला. मंडळीने येत होती तेवढी सगळी गीतं म्हटली आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तुझी भावजय दोघांना चहा देऊन आली.

पाण्याच्या आवाजात त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. लाँचवाला हाताने काहीतरी दाखवत होता. घड्याळजी कान तिरका करून ऐकत होते, घड्याळ कानाला लावून ऐकतात तसे. नंतर त्यांनीच मला सांगितलं. मुलीचा जीव जायला किती वेळ लागला, एवढंच त्यांना हवं होतं. डॉक्टरांनी आकडा सांगितला, तो पटला नाही. त्या वेळी तिच्याजवळ असलेला माणूस हा लाँचवाला एकच. तो म्हणाला की तिने माझी बाही धरली होती आणि बाही फाटली. पुढे किती वेळ, ते मला माहीत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणार नाही. त्यावर घड्याळजी मला म्हणाले की पंधरा दिवसांत खरं बोलणारा हा पहिलाच भेटला. एवढं म्हणून त्यांनी खिशातून माझं घड्याळ काढून दिलं आणि सांगितलं की याला काही झालेलं नाही.

पाणी कमरेला लागलं. आम्ही उतरलो. घड्याळजी हळूच म्हणाले की मी बाहेर जावं असं वाटत असेल तर आत्ताच सांगा. मी नको म्हणून मान हलवली.  लाँचवाल्याने घड्याळजींची बाही मुठीत घट्ट धरली होती आणि डोळे सताड उघडे. मी पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं अशी तीन नावं घेत त्याला मागे झुकवलं. तिसरं नाव माझ्या तोंडून पुरतं निघालंही नव्हतं, तोच तो वर आलेला होता. घड्याळजींनी खेचला.

बाही धरलेली ती मूठ सगळा वेळ पाण्याच्या वर होती. मनगटापर्यंत कोरडी ठणठणीत. सगळ्या मंडळीने पाहिली. पुढच्या बाकावरच्या आजी मुद्दाम खोकल्या. मी घड्याळजींकडे पाहिलं, कारण मला तुझी वेणी आठवली. त्यांनी त्या मुठीकडे पाहिलं आणि म्हणाले की झालं, टॉवेल आणा.

मूठ लगेच सुटेना. ती सुटेपर्यंत घड्याळजी तसेच पाण्यात उभे राहिले, बाही न ओढता.

तुझ्या वेणीबद्दल मात्र त्यांनी काही म्हटलेलं नाही, आणि तूही विचारू नकोस. मी उद्या दुकानात जाणार आहे. या वेळी घड्याळ घरी ठेवून.

भित्र्या भावावर होता तेवढाच लोभ पुढेही असू दे.

तुझा
शेंडेफळ