हलव्याचा मुकुट

कर्जत,
८ जानेवारी १९७३

प्रिय पुष्पे,

तुझं पत्र बन्सीनं गेल्या आठवड्यात आणून दिलं, साखरेच्या पिशवीसकट. वाचून लगेच फाड, आणि उत्तर पोस्टानं टाकू नकोस, बन्सीच्याच हाती दे, असं तू दोनदा लिहिलंस. दुसऱ्यांदा तर खाली रेघ ओढलीस. मोठ्या जाऊबाईंच्या बाळाचं संक्रांतीला बोरन्हाण, आणि हलव्याचे दागिने आमची धाकटी सून करणार असं तुझ्या सासूबाईंनी साऱ्या सोनईला सांगून ठेवलंय. खोटं उघडं पडलं तर त्या एक दिवस नांदवणार नाहीत, असंही लिहिलंस. ‘माडीवर दार लावून करते, कुणाची नजर पडली तर हलव्याला काटा येत नाही,’ असं तू घरात सांगितलंस म्हणे. वाचून मला हसू आलं. थाप मारायला तुला कुणी शिकवावं लागलं नाही कधी. काळजी करू नकोस, दागिने झाले.

चार पहाटा लागल्या. इथं थंडी मरणाची आहे, पाऊस नाही पण थंडीनं दगा दिला नाही, आणि हलव्याला तेवढंच हवं असतं. शेगडीवर मंद निखारे, परातीत तीळ, आणि एकतारी पाक चमच्या-चमच्यानं सोडत बोटांनी फिरवत राहायचं. उजाडलं की शेगडी विझवून दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं. घणानं तळहात सोलवटलेत, त्यावर गरम परात. एकदा वाटलं, या हातांनी आता काटा उठणार नाही. पण उठला, पुष्पे. पांढराशुभ्र, टोचेल असा. हार, बाजूबंद, मनगट्या, कमरपट्टा, चिमुकली बासरी, सगळं काळ्या कापडावर टाचून ठेवलंय. काकू बघून म्हणाली, “विजे, तुझ्या हातात देवानं लई दिलं गं.” आणि मग माझ्या तोंडाकडं बघून तिनं नजर वळवली. देवीचे वण बघून लोक नजर वळवतात, त्याची मला सवय आहे.

तुला बघायला आले तो दिवस आठवतो का? मार्गशीर्ष होता. आदल्या दिवशी मी पातेल्यात वाळू घालून, झाकणावर निखारे ठेवून नानकटाई भाजली. भिंतीवर मण्यांचं तोरण माझं, तक्क्याच्या अभ्र्यावरचे मोर माझे, टेबलावरचा क्रोशाचा रुमालही माझाच. मी चुलीपाशी बसून होते, कारण पाहुण्यांसमोर माझं तोंड नको, असं काकांनी सांगितलं होतं. तुझ्या सासूबाईंनी, बायडाबाईंनी, नानकटाईचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, “पोरीच्या हातात कला हाय, ही पोर आमची.” तू खाली मान घालून लाजलीस. मी आत आनंदानं रडले. खोटं सांगत नाही, मला तेव्हा जरासुद्धा राग आला नव्हता. माझ्या हातांनी तुझं घर बसलं, यातच मला सगळं मिळालं होतं. नंतर रुखवत केलं, पहिल्या दिवाळसणाचं केलं, तुझ्या नणंदेच्या बाळाचं झबलं विणलं. बन्सी भाजीच्या पाटीखालून नेत गेला, आणि तू ते तुझं म्हणून दाखवत गेलीस.

मग भाद्रपदात गोरक्ष मास्तर आले. तुझ्या सासूबाईंचे भाचे, सोनईचेच, बायको वारलेली, पदरात सहा वर्षांची पोर. मी पाण्याचा तांब्या ठेवला तेव्हा त्यांनी माझ्या तोंडावरून नजर काढली नाही. म्हणाले, “आमच्या पोरीलाबी देवी येऊन गेल्या. ती इचारती, असली माणसं मोठी झाल्यावर कशी दिसत्यात. तिला दाखवायला न्हेतो तुमाला.” असं मला कुणी कधी बोललं नव्हतं. मी त्या पोरीसाठी लाल लोकरीची टोपीसुद्धा विणायला घेतली. पंधरा दिवसांनी निरोप आला, योग नाही. मी वणांना दोष दिला आणि खडी फोडत राहिले.

खरं कारण मला दिवाळीनंतर बन्सीनं सांगितलं. तुझा सख्खा भाऊ, पण त्याला ते पचलं नाही. सासूबाईंनी माझी चौकशी केली तेव्हा तो ओट्यावरच होता. तू म्हणालीस, विजूअक्का मनानं चांगली आहे, पण तिला फेफरं येतं; चुलीपाशी एकटं ठेवायची सोय नाही, म्हणून तर हाताला कसलं काम येत नाही. मला फेफरं, पुष्पे? तू का बोललीस तेही मला कळलं. मी त्याच गावात नांदायला आले असते, पहिल्याच संक्रांतीला परात हातात घेतली असती, आणि कोणाचे हात कोणते ते सगळ्यांना दिसलं असतं. तुझा संसार राखायला तू माझा होऊच दिला नाहीस. आणि त्यानंतर चार महिन्यांनी दोन किलो साखर पाठवलीस. मी चिडलेय. इतकी चिडलेय की रडू येत नाही.

तू म्हणशील, हे सगळं मला ठाऊक आहे, मग पुन्हा एवढं कशाला लिहिलंस? तूच कळवलं होतंस की पोस्टानं आलेलं पत्र तुमच्याकडं तुझे थोरले दीर श्रीमंतभावजी फोडतात आणि जेवणं झाल्यावर ओट्यावर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात. सासूबाई तेवढा वेळ अडकित्ता खाली ठेवतात. म्हणून हे पत्र मी बन्सीकडं दिलं नाही, पोस्टात टाकतेय. भावजी, वाचत इथवर आलात, घोटभर पाणी घ्या. गोरक्ष मास्तरांना सांगा, मला फेफरं कधी आलं नाही, आणि टोपी विणून तयार आहे. बायडामावशी, डबा बन्सी तुमच्याच हातात देईल, तुमच्या सुनेनं मला लिहिलेलं पत्रही त्यातच आहे. दागिने सगळे आहेत, बाळाचा मुकुट तेवढा मुद्दाम केला नाही. उरलेली साखर आणि मूठभर तीळ पुडीत बांधलेत. पुष्पाच्या पुढ्यात शेगडी ठेवा, परात द्या आणि सगळे भोवती बसा. पुष्पे, पाक एकतारीच ठेव, आणि बोटं मधूनमधून पाण्यात बुडव. फार भाजतं गं.

तुझीच,
विजूअक्का