चार गाड्यांचा डब्बा

सोमवार, १० नोव्हेंबर
रातभर डोळा नाही लागला. कंपनीनं वळणावरच्या आमच्या घराच्या भिंतीवर डब्बा ठोकला. वळणापल्याडून गाडी येऊन राह्यली का, ते डब्बा अल्याडच्या गाडीतल्या मशीनले सांगते, मंग मशीन ओरडते. इंजिनिअर कपिल काल म्हणे, ताई, डब्ब्यात जीव कमी, एका टायमाले चारच गाड्या सांभाळते, पाचवी सोडून देते. अन् हसला नालायक. पाचवी माह्या लेकीची, समीक्षाची शाळेची व्हॅन असली त? एवढा शिकला, अन् डब्बा चारचाच बनवला.

मंगळवार
नवऱ्याले सांगतलं. म्हणे, तू हात नको लावू, तुले मिक्सर चालवता येत नाही. ह्याले ट्रॅक्टर रिव्हर्स घेता येत नाही. ठरवलं, डब्बा मीच पाहीन.

बुधवार
बिघडलेली गाडी डब्ब्यातून काढाले कपिलनं माह्या मोबाईलमंधी बटन देलं हाये. सरपंचाची जीप काढली. त्याले तसंही वळण दिसत नाही, मतंच दिसते. दूधवाला काढला. पाणी टाकते मेला.

गुरुवार, संध्याकाळी
कापसाचे ट्रक, ॲटो, सगळेच काढले. डब्ब्यात आता एकटी व्हॅन. एकदाही मशीन ओरडली नाही. व्हॅनचा ड्रायव्हर उकंडा म्हणे, वहिनी, रस्ता मख्खन झाला! कपिलले फोन केला, म्हटलं तुह्या जागी मले ठेव. तो नुसता हॅलो हॅलो. पळपुटा.

शुक्रवार
सकाळी वळणावर व्हॅनसमोर कापसाचा ट्रक. उकंडानं ब्रेक मारला, व्हॅन नालीच्या काठावर. लेकरं बरी हायेत. उकंडा बोंबलत आला, वहिनी, मशीन त ओरडलीच नाही, म्हटलं रस्ता मोकळा हाये! डब्ब्याले दुसरी गाडीच मालूम नाही, त मशीन ओरडन कशी. हे त्याले बोलली नाही. चूक कपिलची. काढाचं बटन देलंच काहून?

दुपारी
काढलेल्या गाड्या परत घुसत नाहीत. नेटवर्कचा जोर वाढन म्हणून माह्या मोबाईलचं सिम डब्ब्यात टाकलं. डब्बा मेला. सिम आतच अडकलं, माहा फोनही बंद.

शाळा सुटाले आली. नवरा दिग्रसले गेला, शेजारी सारे वावरात कापूस वेचून राह्यले. मी लाल ओढणी घेऊन वळणावर उभी राह्यते. हे पान दाराले लावून जाते. जो वाचन त्यानं माह्या भावाले, रवीले, लोहारा गावाले फोन करा, नंबर मांगच्या बाजूले लिवला हाये. म्हणा, गाडी घेऊन लवकर ये, वळणापल्याड उभा राह्य. वळणाले दोन बाजू हायेत, अन् मले एकच दिसते.