सांदवाडी साफ करू नये

मी, निर्मलाबाई इश्वर लांजेवार, वय एकाहत्तर, राहणार नाकाडोंगरी, तालुका तुमसर, हे राजीखुशीनं लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. डोकं शाबूत आहे. फुप्फुसं राहिली नाहीत, पण सही करायला ती लागत नाहीत.

१. राहतं घर आणि पोस्टातली ठेव मुलगा मनिष याला. तो जवाहरनगरला नोकरीत आहे, तरी माझ्या आजारपणात रजा टाकून धावत आला.

२. बांगड्या सून रुपाला. पितळी गुंड मुलगी हर्षाला. तो शोभेला ठेवू नये, पाणी भरावं.

३. घरामागची सांदवाडी. मी लग्न होऊन आले तेव्हा इथून जंगल दिसायचं. रस्ता रुंद झाला, जंगल मागं गेलं. तुटणार होतं त्याचं बी-रोप मी पदरात बांधून आणलं: कुडा, धायटी, चारोळी, रुई. रुईवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या यायच्या, त्यांची भगवी फुलपाखरं व्हायची. पानांची चाळण झाली की मला बरं वाटायचं.

मागच्या पोळ्याला मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात होते. कुरतडलेली झाडं रोगट समजून मनिषनं तणनाशक फवारलं. मी परतले तशी हात धरून मागं नेलं नि म्हणाला, "आई, पाह्य बरं, कशी चकाचक केली तुही वाडी! आता सापाचं भेव नाही." सगळं करपलं होतं. त्याच्या तोंडावरचा आनंद पाहून मी "छान" म्हणाले. मग चुलीपाशी बसून पुष्कळ रडले. त्यानंतर एकही फुलपाखरू आलं नाही.

म्हणून सांदवाडी शेजारी राहणारा दीर कैलाश याला. वाटणीत त्यानं विहीर बळकावली, तेव्हापासून आमचं बोलणं नाही. पण माणूस पक्का आळशी. कुंपणाकडचं रान काप म्हटलं की लोकांना सांगतो, "कापतो ना, येत्या आयतवारी." तो आयतवार अजून उगवायचा आहे. त्याच्या बाजूला रुई माजली आहे आणि परवा तिच्यावर मला एक अळी दिसली. मधलं कुंपण काढून टाकावं. विहिरीबद्दल मात्र मी त्याला माफ केलेलं नाही.

४. माझ्या तेरवीचा मांडव रस्त्यावर घालावा. पाहुणे येतील म्हणून सांदवाडी साफ करू नये, सिमेंटचे गट्टू बसवू नये. फवारणीचा पंप भंगारात द्यावा.

५. मनिष, हे तुला तोंडावर सांगवलं नाही. तू मायेनंच केलंस, पण माझं होतं ते गेलं. आता मागं कधी रुई फुटली आणि पानं खाल्लेली दिसली, तर औषध आणू नको. कोणाचं तरी पोट भरलं असं समज.

सही: निर्मलाबाई इश्वर लांजेवार
स्थळ: नाकाडोंगरी, जि. भंडारा
दिनांक: १४ जून २०२५

साक्षीदार: भय्याजी हटवार (सही), पुष्पाबाई नंदेश्वर (अंगठा)
निर्मलाबाईंनी हे आमच्यासमोर स्वतः वाचलं. शेवटच्या कलमाला थांबल्या, पण खाडाखोड केली नाही.