आधी दुकान, मग शहर

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची पाठ आता कशी आहे? मामींचा खोकला गेला का? माझी काळजी नसावी. मी सुखरूप आहे. सुखरूप म्हणजे हरवत नाही असं नव्हे, पण हरवलो तरी दिवे लागायच्या आत सापडतो.

तुमच्या शब्दाखातर मालकांनी मला दुकानात घेतलं. (दुकानाच्या पाटीवर ‘ऑप्टिशियन’ असं लिहिलं आहे. पत्रात शब्द चुकू नये म्हणून मी स्टुलावर चढून, पाटीला नाक लावून तो पाहून घेतला.) तयार झालेले चष्मे गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचे, हे माझं काम. मालकांची अट एवढीच, की महिनाअखेरीपर्यंत शहर पायाखालचं झालं पाहिजे, नाहीतर घरी परत. आईची अट तुम्हाला माहीतच आहे. जसा पाठवला तसाच राहिलास तर राहा, अंगात काही कमीजास्त दिसलं तर त्याच पावली घरी. अशा दोन अटींच्या मध्ये मी जीव मुठीत धरून कामाला लागलो. मला परत यायचं नाही, मामा. गावात मला धड एकही काम जमलं नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

सुरुवातीला मालकांनी नुसतं हिंडून यायला सांगितलं. मी पद्धतशीर हिंडलो. दुकानातून निघायचं, पोस्ट बघायचं, आल्या वाटेने दुकानात यायचं. मग पुन्हा निघायचं, दवाखाना बघायचा, परत दुकान. अशी मी बाग, नाट्यगृह, वाचनालय सगळी पाहिली. यातल्या कुठल्याही ठिकाणाहून दुकानात कसं यायचं ते मी झोपेतसुद्धा सांगेन. बागेतून वाचनालयात कसं जायचं, ते मात्र विचारू नका. वाटेत कोणाला विचारावं तर लोक “ती काय समोर पाटी” म्हणून हात करतात. समोर मला भिंत दिसायची, आणि भिंतीवर थोडा रंग. मी समजत होतो की आपल्याकडे पाढे पाठ असतात तशा इथल्या लोकांना पाट्या पाठ असतात. लहानपणापासून राहिलं की येत असेल.

मग एके दिवशी मालकांनी दोन चष्मे दिले. दोन्ही घरं एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लागून. मी पहिला चष्मा पोचवला, दुकानात आलो, पाणी प्यायलो आणि दुसरा घेऊन निघालो. भिंगं घासणारे कारागीर (त्यांना सगळे भिंगमास्तर म्हणतात) यांनी मला हटकलं, की मधेच इथे कशाला तडमडलास? मी खरं ते सांगितलं. त्या घरी इथून जायचं मला ठाऊक आहे, शेजारच्या घरातून नाही. भिंगमास्तरांना इतकं हसू आलं की हातातलं भिंग वाया गेलं. मालक हसले नाहीत. ते म्हणाले, उद्या दोन चष्मे देतो, दोन्ही पोचवेपर्यंत मला तोंड दाखवायचं नाही. मधे दिसलास तर संध्याकाळच्या गाडीत बसवून देतो.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी पहिला चष्मा एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा निघाला. चष्मा फुटल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. नवा चष्मा चढवून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि शर्टाचं बटण चुकीच्या काजात आहे म्हणाल्या. मी भीतभीत शिंप्याच्या दुकानाचा रस्ता विचारला, कारण दुसरा चष्मा त्याचा होता. त्या म्हणाल्या, “चल, मीच येते. किती दिवस भिंतींशी बोलायचं?” बाई पुढे आणि मी मागे. त्या दिसेल ती पाटी मोठ्याने वाचत होत्या, कोणाचं अक्षर कसं आहे ते सांगत होत्या, आणि एका डॉक्टरला तर पाटी सुधारायला लावून आल्या. शिंप्याचा चष्मा पोचला. मला हायसं वाटलं. मग बाई म्हणाल्या, कानामागे दांडी रुतते आहे, तुमच्या मालकांकडे जाऊ.

चार वळणं घेऊन त्या एका दारापाशी थांबल्या. मी म्हटलं, हे आमचं नव्हे, आमच्या दुकानाशी येताना खांब उजवीकडे लागतो. (त्या बाजूने मी कधी आलोच नव्हतो. तिकडून आलं की खांब डावीकडे पडतो.) दारात एक गृहस्थ उभे होते. मी अदबीने पुढे झालो आणि म्हटलं, “साहेब, इथे जवळपास चष्म्याचं दुकान कुठे आहे?”

मामा, ते मालक होते.

त्यांच्या आधी बाईच बोलल्या. “अहो, चष्म्याची दांडी राहू द्या. आधी या पोराचे डोळे तपासा.” मला खुर्चीत बसवलं. समोरच्या तक्त्यावर सर्वांत वरचं अक्षर दिसलं, बाकी सगळ्या मुंग्या. भिंगमास्तरांनी एकामागून एक भिंगं बदलली आणि एकदम रस्त्यापलीकडचं झाड उघडलं. मामा, झाडाची पानं लांबूनसुद्धा सुटी सुटी दिसतात, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मालकांनी मला ठेवून घेतलं आहे. ते म्हणाले, इतकं कमी दिसत असून ज्याने एक चष्मा फोडला नाही, तो दिसायला लागल्यावर काय फोडणार.

मामींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद. पत्रोत्तर पाठवावे.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. – खरं काम पुढेच आहे. चष्म्याचं आईला कळलं तर शहराने पोराचे डोळे खाल्ले म्हणून ती मला न्यायला येईल. तेव्हा तिला सांगा, की चौकीदाराला जशी टोपी तसा इथे कामावर चष्मा घालावाच लागतो. (डोळे लहानपणापासूनच असे होते, हे बोलू नका. ती स्वतःलाच बोल लावून घेईल.)

पुन्हा ता. क. – पाकीट चिकटवताना आठवलं, की तुम्ही हल्ली पत्र हात लांब करून धरता आणि शेवटी वाचायला आईकडेच देता. तसं झालं असेल तर आई, मामांवर रागावू नकोस, त्यांनी अजून तुला काही खोटं सांगितलेलं नाही. कंसातलं मनावर घेऊ नकोस. न्यायला येणार असशील तर जरूर ये, पण मामांना बरोबर आण, त्यांचा नंबर काढायला हवा. मी स्टेशनवर उभा असेन. या खेपेला तू हाक मारायच्या आधी मीच तुला ओळखेन.