दर आठवड्याला पाच मिनिटं

प्रिय चिमे,

या शनिवारी एसटीच्या कंडक्टरबरोबर वहीची पानं पाठवत नाहीये. त्यांच्याऐवजी हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर तू मला दोन वाक्यं धड बोलू देत नाहीस. आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलोय. कुणावर, ते लिहिता लिहिता कळेलच.

बाबांनी आपल्याला नाक दिलं आणि आईने हे दुखरे सांधे. तुझी बोटं कात्रीवर चालतात, माझी घड्याळांच्या चिमट्यावर, म्हणजे दोघांचंही पोट बोटांवर. म्हणून तू त्या आहाराच्या वर्गाला जाऊन आलीस आणि मला दीड तास ऐकवलंस, तेव्हा मी निमूट हो म्हणालो. साखर बंद, मैदा बंद, जेवण अंधार पडायच्या आत, आठ तास झोप, अर्धा तास चालणं. आणि जवस. अगं, किती ते जवस! गिऱ्हाईक आलं की आधी दातातलं जवस काढतो आणि मग त्याचं घड्याळ उघडतो. तुझी वहिनी म्हणते, घरात माणसं दोन आणि बरण्या बावीस.

खोटं कशाला बोलू, चालण्याने गुडघे हलके झाले. झोपही लागते. पण बाकीचा जाच नको झालाय. दुकानात येणारा जो तो वैद्य. एक म्हणतो टोमॅटो सोडा, दुसरा म्हणतो टोमॅटोच खा. आणि जरा दुखलं म्हणालो की तुझा तपास सुरू, काल काय खाल्लंस? शेजारच्या बारशाला केकचा एक तुकडा खाल्ला होता, तर त्यावर अर्धा तास उलटतपासणी. आधीच आजारी, त्यात वर आरोपी. वैताग येतो गं.

त्यात वहीतला तो गोळ्यांचा रकाना. तू तो लाल शाईने आखून पाठवलास. वर्गातल्या बाई म्हणतात, नियम पाळले की गोळ्या आपोआप सुटतात. आपल्या डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून सांगितलं होतं, खाणंपिणं सांभाळा, चांगलंच आहे, पण मला विचारल्याशिवाय एक गोळी सोडायची नाही. तुला बाईंचं पटलं. का पटलं, तेही मला माहीत आहे. शाळेत जायच्या आधी आईच्या स्वेटरची बटणं तू लावून द्यायचीस, जीभ बाहेर काढून, एकेक. आईसारखं होण्याची तुला भीती वाटते. मलाही वाटते.

आता वहीचं. शेवटचा रकाना होता, सकाळी बोटं मोकळी व्हायला लागलेली मिनिटं. पहिले दोन आठवडे खरं लिहिलं. दोन्ही वेळा पंचाण्णव. तुझा आवाज इतका पडला की तिसऱ्या आठवड्यात मी नव्वद लिहिलं. त्या दिवशी फोनवर तू हसलीस, आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं तसं. मग काय, मागे पडणारं घड्याळ जसं मी रोज थोडं थोडं लावत आणतो, तसं तुझ्यासाठी माझं दुखणंही लावत आणलं. दर आठवड्याला पाच मिनिटं कमी. सतराव्या आठवड्यात वीसवर. अगं, कुठलं दुखणं असं शिस्तीत उतरतं? शिवणाऱ्या बाईला एवढी सरळ टीप खोटी वाटू नये? आणि लाल रकान्यात मी 'बंद' लिहीत होतो ना, त्या गोळ्या दुकानात घड्याळाच्या काचांच्या खणात ठेवल्यात, तिथूनच रोज घेतो. एकही चुकवलेली नाही.

काल तुझ्या यजमानांचा फोन आला. बिचारे हळू आवाजात बोलत होते, तू शेजारच्या खोलीत होतीस म्हणून. महिना झाला, तू गोळ्या सोडल्यास. माझी पानं शिलाईच्या मशीनवर टाचून ठेवली आहेस आणि त्यांनी काही म्हटलं की एकच उत्तर देतेस, "दादाला जमलं, मग मला का नाही?" मग ते म्हणाले की चार दिवस झाले, तुझ्या झग्याची बटणं तेच लावून देतात. चिमे, मी फोन ठेवला आणि दुकानाचं दार आतून लावून रडलो. दादाला काही जमलेलं नाही. ती पानं आत्ता मशीनवरून काढ आणि फाड. मी सोमवारी पहिल्या गाडीने येतोय, आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ आणि काय काय केलं ते मीच सांगेन. तोपर्यंत थांबूही नकोस, पत्र वाचून झालं की त्यांना फोन कर. तुझा राग आहेच माझ्या वाट्याला, तो मी आल्यावर काढ. जवस सोडू नकोस, मीही सोडत नाही. आज सकाळी मला सत्तर मिनिटं लागली. हे खरं आहे.

तुझाच,
दादा