हिरोकावा गाडी, पितळी घंटा आणि इतर मिळकत

मी, मृदुला प्रभाकर बेहेरे, वय वर्षे एकसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार चिंचवड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. येत्या बुधवारी पुण्याला माझे पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, पण म्हणताना तेच काळजीत दिसतात. म्हणून हा खटाटोप.

'माझे मन स्थिर आहे' असे लिहा, असे उद्धवराव वकिलांनी सुचवले. मन शुद्ध आहे, स्थिर नाही. गेल्या मंगळवारपासून माझा फार गोंधळ उडाला आहे; त्याचे कारण चौथ्या कलमात येईल. उद्धवराव म्हणाले, "गोंधळलेल्या माणसाचंही मृत्युपत्र चालतं, मृदुलाताई. फक्त कोणाला काय, ते स्पष्ट लिहा." नेमके तेच जमत नाही, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी चहा घेतला आणि गेले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. इतरत्र काही सापडल्यास ते वाणसामानाचे टिपण समजावे.

कलम पहिले. चिंचवडचे राहते घर माझे यजमान कै. प्रभाकर बेहेरे यांनी स्वकष्टाने बांधले व हयातीतच माझ्या नावे केले. ते मी मुलगा श्याम व मुलगी नीलिमा या दोघांना समान हक्काने देते. नीलिमा नाशिकला असते, तेव्हा राहील श्यामच. पण मागची खोली तिच्या माहेरपणासाठी मोकळी ठेवावी. तिथे लोखंडी सामान भरू नये. श्यामला हे कळेल.

कलम दुसरे. माझे दागिने व पोस्टातील ठेव नीलिमाला. श्यामच्या शिक्षणाला जे लागले ते लागले, त्याचा हिशेब कोणी मांडू नये.

कलम तिसरे. माझी नणंद शैला हिला चांदीचे तबक देण्याचा माझा विचार होता. पण शैलावन्सं आमच्या गाडीत आयुष्यात एकदाही बसल्या नाहीत. "जपानी माल म्हणजे चावीचं खेळणं. मी आपली बसनं येते," असे त्या चारचौघांत म्हणत आणि स्वारगेटपर्यंत खरोखरच बसने जात. त्यावरून आमचे बोलणे तुटले. आता, मंगळवारनंतर, त्या बरोबर होत्या असे मानावे लागेल की काय ते मला कळत नाही. तरी तबक देत नाही. त्यांची छत्री आमच्याकडे राहिली आहे, ती पोहोचती करावी.

कलम चौथे. हिरोकावा कंपनीची, १९६३ सालची, मोतिया रंगाची चारचाकी गाडी मी माझा मुलगा श्याम यास देते.

हे वाक्य मी सोमवारी लिहिले. मंगळवारी अर्जुनराव आले. त्यामुळे खालचा मजकूर वाचल्याशिवाय या कलमाची अंमलबजावणी करू नये.

गाडीची हकीकत अशी. पिंपरीत कारखाने उभे राहत होते त्या काळात यजमान एका कारखान्यात तपासनीस होते. तिथल्या यंत्रांची घडी बसवायला जपानहून नाकाता नावाचे इंजिनिअर आले, ते तीन वर्षे राहिले. गाडी त्यांची. तेव्हा जपानी म्हटले की लोकांना आठवायची जत्रेतली पत्र्याची खेळणी. कोणीतरी नाकातांच्या टेबलाच्या खणात चावीचे माकड ठेवले होते. ते त्यांनी चावी देऊन टेबलावर नाचवले, वाकून नमस्कार केला आणि कामाला लागले. यजमानांना मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही. आपल्या दारी आलेल्या पाहुण्याची अशी थट्टा व्हावी, हे त्यांना फार लागले. नाकाता परत निघाले तेव्हा सरकारी परवानग्या काढून यजमानांनी ती गाडी घेतली.

गाडीबरोबर कंपनीचा इतिहासही घरात आला. तो यजमान प्रत्येक सत्यनारायणाला, प्रसाद वाटून झाला की सांगत. हिरोकावांचा आजा भात कांडायची यंत्रे करी. यंत्रात काही अडकले की आपोआप घंटा वाजे आणि यंत्र थांबे, म्हणजे मालकाला बिघाड झाकता येत नसे. पुढे युद्धानंतर नातवाने तीनचाकी टेम्पो काढले, मग मोटारी. परदेशी पाठवलेल्या पहिल्या मोटारी चढावर तापून बंद पडल्या. कंपनीने त्या सगळ्या परत बोलावल्या आणि आमची चूक झाली असे वर्तमानपत्रात छापले. लोक हसले. पण तिथूनच तिचे नाव झाले. हिरोकावाच्या कारखान्यात प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर घंटेची दोरी असते. माल वाईट दिसला की कोणीही ओढावी, सगळे काम थांबते. "नाव असं मिळतं," यजमान म्हणत, "झाकून नाही मिळत." मी हेच शाळेत मुलींना सांगत आले.

आणि आमची गाडी कधीही बंद पडली नाही, हे तर साऱ्या चिंचवडला ठाऊक होते. अधूनमधून ती तेलपाण्यासाठी चिखलीला अर्जुनरावांच्या शेडमध्ये जाई, एवढेच. अर्जुनराव मूळचे शेतकरी. त्यांची जमीन कारखान्यांत गेली. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ट्रॅक्टर दुरुस्तीची शेड टाकली.

मंगळवारी ते व्हरांड्यात बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वैनी, आपरेशन हाय म्हनून आलो. आन् एक सांगायचं व्हतं. सायेब असताना सांगता येत न्हवतं."

"सांगा की."

"ती जपानीण. ती लई येळा बंद पडली हाय."

"कधी?"

"कदी न्हाई ते इचारा."

मी म्हटले, मग ती चिखलीला पोहोचायची कशी?

"रस्त्यात जितं बंद पडंल तितनं, बैलं जुपून. वर कडब्याच्या पेंढ्या रचायच्या, चारी बाजूंनी सोडायच्या. रस्त्यावरचं मानूस म्हनायचं, अर्जुनरावाचा कडबा चालला. एकदा आकुर्डीत एक म्हस मागं लागली. तिनं इतका कडबा वढला, की मागला दिवा दिसाया लागला. सायेबांनी आंगातला कोट काढून त्यावर टाकला आन् म्हशीला 'हट' म्हनत चालत राह्यले. इंग्रजीत पन बोलले तिला."

मला हसू आले नाही. यजमानांच्या कोटाला कडब्याच्या काड्या लागलेल्या मी कित्येकदा झटकल्या आहेत. "अर्जुनरावांकडे बसायला खुर्ची नाही का?" असे मी विचारी आणि ते म्हणत, "आहे, पण बाजेवर बरं वाटतं."

मग मला लोणावळा आठवले. मुले लहान असताना आम्ही तिकडे निघालो की कामशेतच्या पुढे यजमान गाडी थांबवत. "हिरोकावाचा नियम आहे, गाडीला तासभर विश्रांती द्यायची," असे सांगून ते बॉनेट उघडून तिला वारा घेऊ देत. आम्ही वडाखाली सतरंजी टाकून दशम्या खात असू. श्यामला ती विश्रांती लोणावळ्यापेक्षा आवडे. मी अर्जुनरावांना विचारले, "तो नियमही?"

"कसला नियम?" ते म्हणाले.

पुढे मीच विचारले, की साहेबांनी हे का केले. अर्जुनराव बराच वेळ टोपीची घडी घालत राहिले. "मी बी इचारलं हुतं. म्हनले, अर्जुनराव, तो मानूस गेला त्याच्या देशाला. आता त्याचं नाव हितं आपल्या हातात हाय. गाडी रस्त्यात हुबी दिसली की लोक माकड काढत्याल."

आता माझा गोंधळ सांगते. ज्या कंपनीने आपली चूक जगाला छापून दाखवली, तिच्या गाडीची चूक आम्ही कडब्याखाली झाकली. आणि झाकणारा माणूस तोच, जो घंटेची गोष्ट सांगताना गहिवरे. कारखान्यात केसाएवढा फरक असला तर माल परत पाठवणारा तपासनीस. मी त्यांना खोटे म्हणावे, तर एका पाहुण्याची अब्रू राखायला ते बैलांमागे चालले. खरे म्हणावे, तर शेवटपर्यंत माझ्याशी खोटे बोलले. दोन्ही वाक्ये लिहून पाहिली. दोन्ही बरोबर वाटतात.

गाडीचाही निवाडा होत नाही. "मग गाडी वाईटच म्हणायची?" असे मी विचारले, तर अर्जुनराव चक्क रागावले. "वाईट कशी? आवो, तिला हितलं पेट्रोल, हितली धूळ, हितलं खड्डं. आन् सुटा भाग मिळंना एक. त्या लोकांनी तिला आपल्यासाठी थोडीच बनिवली?" मग त्यांनी व चिखलीच्या ज्योतीराम टर्नरने एकेक भाग लेथवर करून बसवला. पाण्याचा पंप दुसऱ्याच गाडीचा, बुश सगळे ज्योतीरामचे, एक पट्टा पिठाच्या गिरणीचा. त्यानंतर ती खरोखरच फारशी थांबलेली नाही. बॉनेटखाली आता जपान थोडाच उरला आहे. तेव्हा जी कधी बंद पडत नाही ती हिरोकावा नव्हे आणि जी हिरोकावा होती ती बैल ओढत होते. मी श्यामला देते आहे ती यातली कोणती, हे उद्धवरावांनाही सांगता आले नाही. ते म्हणाले, पासिंगचा नंबर लिहा.

एरवी मी हे सारे माझ्याबरोबर नेले असते. पण श्यामचे भोसरीतले वर्कशॉप अडचणीत आहे. संक्रांतीच्या सुमारास हिरोकावाची माणसे इकडे येणार आहेत, सुटे भाग कोणाकडून करून घेता येतील ते पाहायला. श्यामने त्यांना कळवले, की तुमची गाडी आमच्या घरी सोळा वर्षे एकदाही न थांबता चालली आहे. त्यांनी उलट कळवले, की गाडी अवश्य पाहू. श्यामने तिला नवा रंग द्यायला काढला आहे. काम मिळाले तर वर्कशॉप राहील, नाहीतर उन्हाळ्याच्या आत विकावे लागेल. आणि ती माणसे बॉनेट उघडणार, हे मलाही कळते. त्यांच्यापुढे माझा मुलगा खोटा ठरेल. आणि तो तर खोटे बोललेलाच नाही, त्याला आम्ही जे दाखवले तेच तो बोलला.

म्हणून कलम चौथे असे वाचावे: गाडी श्यामची. परंतु पाहुणे येतील त्या दिवशी बॉनेट श्यामने स्वतः, चहाच्या आधी, उघडावे. अर्जुनराव व ज्योतीराम यांना बोलावून शेजारी उभे करावे, मागे नव्हे. कोणता भाग का मोडला आणि त्याजागी काय बसवले, ते एकेक दाखवावे. कडब्याचेही सांगावे. हे श्यामला मान्य नसेल तर गाडी अर्जुनरावांची. त्यांनी तिचे वाटेल ते करावे, पाठीवर कडबा मात्र पुन्हा रचू नये.

कलम पाचवे. देवघरातील लहान पितळी घंटा. ही नाकातांची. पिंपरीच्या कारखान्यात त्यांनी ती आपल्या टेबलाजवळ टांगली होती. वाईट माल दिसला की कोणीही वाजवा, असे सांगितले होते. कोणी वाजवली नाही. साहेबाच्या कानाशी त्याचीच चूक वाजवणार कोण? एकदाच वाजली, ती खंडेनवमीला. यंत्रांना हळद-कुंकू वाहून, झेंडू घालून कामगार आरती म्हणत होते, हाताशी घंटा दिसली म्हणून एकाने ती घेतली. नाकाता जेवण टाकून हातात पाना घेऊन धावत आले आणि विचारू लागले, काय बिघडले, कुठे बिघडले? त्यांना पेढा दिला. जाताना ती घंटा त्यांनी यजमानांना दिली आणि यजमानांनी ती देवापुढे ठेवली. रोज दोन वेळा वाजते. ती श्यामला.

कलम सहावे. माझी पुस्तके शाळेला, लुगडी छबूबाईला. ती आमच्याकडे इतकी वर्षे काम करते आणि लुगड्यांची निवड तिचीच असते. अर्जुनरावांची बायको गोजाबाई हिला माझी पैठणी. दरवेळी बेहेरेसाहेबांना दुपारी जेवू घालून तिने तोंड बंद ठेवले, याचा मला रागही आहे. तरी पैठणी तिलाच.

कलम सातवे. हे आज सकाळचे आहे, मिळकत नाही, पण लिहिते.

पाचवे कलम लिहून झाले आणि मी देवघरात गेले. पूजा केव्हाच आटोपली होती. घंटा उचलली आणि वाजवली, वाजवतच राहिले. श्याम मोरीपाशी दाढी करत होता. एका गालाला साबण, हातात वस्तरा, तसाच धावत आला.

"आई, काय झालं? दुखतंय का?"

इतकी वर्षे ही घंटा घरात वाजते आहे आणि काय झाले असे कोणी विचारले नव्हते. मी म्हटले, "बस." त्याला सगळे सांगितले. बैल, कडबा, म्हैस, कोट, ज्योतीराम. तो खाली जमिनीवर बसून ऐकत होता, साबण वाळत चालला होता. मी म्हटले, तू पाहुण्यांना काय सांगशील ते मी असेन-नसेन, तुझे तू ठरव. मी फक्त लिहून ठेवले आहे. त्याने वस्तरा मिटून खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे वडाखालची विश्रांती...?"

"तीसुद्धा," मी म्हटले.

तो हसला की त्याचे तोंड वेडेवाकडे झाले, ते साबणामुळे मला कळले नाही. उठताना त्याने घंटा माझ्या हातातून घेतली. देवापुढे न ठेवता ती घेऊन तो तसाच अंगणात गेला आणि गाडीचे बॉनेट उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तो कोणाला तरी चिखलीला पाठवत होता, ज्योतीरामला बोलावून आण म्हणून.

तो ते भाग दाखवण्यासाठी बोलावतो आहे की बदलण्यासाठी, हे मी विचारले नाही. म्हणून चौथे कलम आहे तसेच राहू द्यावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी उद्धवराव यांनी करावी. वरचे सारे मी लिहिले, पुन्हा वाचले आणि जिथे समजले नाही तिथेही ते माझेच आहे म्हणून खाली सही करते.

सही: मृदुला प्रभाकर बेहेरे
स्थळ: चिंचवड
दिनांक: ५ डिसेंबर १९८२, रविवार

मृदुलाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही सह्या केल्या. त्या वेळी त्या शुद्धीवर होत्या व अंगणातून घंटा वाजत होती.

साक्षीदार:
१. उद्धवराव केशव रणदिवे, वकील, चिंचवड
२. यशोदाबाई काशिनाथ लोंढे, शेजारीण, चिंचवड