कोपी पूल ओलांडत नाही

शुक्रवार, १ ऑगस्ट

लिहायला बसले ती कुत्र्यामुळे. हे गेल्यापासून दर शनिवारी पहाटे कोपी दार खरवडतो, रडतो. आज समोरची लिम बाई तोंडावर म्हणाली, "मॅडम, जन्मभर शाळा आवरलीत, एक कुत्रा आवरत नाही?" दार लावून घेतले. घरात ओरडायला माणूस उरलेला नाही, म्हणून ही वही.

ह्यांचा तो शनिवारचा नदीकाठचा फेरफटका! पहाटे जायचे ते संध्याकाळी चिखलाने माखून परत. "झाडं बघतो, मासे बघतो." उद्या मीच नेते त्याला. एकदा दमला की गप्प बसेल.

शनिवार, २ ऑगस्ट

रात्र झाली आहे. राग अजून उतरलेला नाही.

गाडी वाटेच्या तोंडाशी ठेवली. पुढे जंगल, वाट नदीला धरून. चिखल, जळवा, वर कुठेतरी गिबन वानरे किंचाळत होती. कोपी पुढे, मी मागे. तो कुठे थबकला नाही, एक झाड हुंगले नाही. फिरायला निघालेला कुत्रा असा चालत नाही; कामावर निघालेला माणूस चालतो. तेव्हाच समजायला हवे होते.

तासाभराने झुलता पूल लागला. पलीकडे केळी, लाकडी घर, दोरीवर बाळाची दुपटी. कोपी पुलाशी आला आणि झाडाखाली बसला. तिथे चटईचा तुकडा होता, पाण्याचे भांडे होते. ओढले, दटावले— ढिम्म!

"ओढू नका, तो यायचा नाही," पलीकडून आवाज आला. डोक्याला रुमाल बांधलेली मुलगी, कडेवर मूल. "त्याची जागा तीच. बाबा त्याला तिथेच बसवायचे."

कोणाचे बाबा, हे विचारावे लागले नाही. मस्तुरा! हिच्याशी लग्न करायला माझा थोरला मुलगा वाय ल्योंग मुसलमान झाला, इदरिस झाला. तीन वर्षे माझ्या घराचा उंबरा त्याला बंद. आम्हा चिनी लोकांत अंत्ययात्रेत फोटो धरायचा तो थोरल्या मुलाने; ह्यांच्या वेळी, आणि हा उदबत्तीसुद्धा हातात घेईना! मांडवाबाहेर उन्हात उभा होता. पुतण्याकरवी निरोप पाठवला: कार्य नातेवाइकांचे आहे. गेला. फोटो पुतण्याने धरला.

ती पूल ओलांडून आली, कोपीपासून जरा लांब थांबली.

"आई, पाणी आणू?"

"मी तुझी आई नाही."

"बरं, मॅडम. पाणी आणू?"

मग सगळा प्रकार बाहेर आला. शनिवारी ती दोघे बाजारात तळलेल्या केळ्यांचा ठेला लावतात, आणि ह्यांनी इथे मूल सांभाळायचे! दुपटी बदलायची, पेज भरवायची! "कुत्र्याची लाळ आम्हाला चालत नाही ना," मस्तुरा म्हणाली, "म्हणून बाबा नदीवर मातीने हात चोळून धुवायचे, मगच पुलावर पाय ठेवायचे. आम्ही सांगितलं नव्हतं हं. स्वतःच कुठून तरी विचारून आले."

संसारात एक कप विसळला नाही ह्या माणसाने!

"आता हिला कोण बघतं?"

"ठेल्यावर नेते. खोक्यात बसवते, माझ्या पायाशी. आज हिला ताप आहे म्हणून घरी राहिले."

"उकळत्या कढईशेजारी? अक्कल आहे का?"

"बाबा असेच ओरडायचे," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी पाणी प्यायले नाही. परत फिरले. कोपीला उचलून न्यावे लागले निम्म्या वाटेपर्यंत.

रविवार, ३ ऑगस्ट

ह्यांच्या फोटोपुढे आज संत्री ठेवली नाहीत. राहू दे उपाशी.

बुधवार, ६ ऑगस्ट

नणंदेला फोन केला. तिला ठाऊक होते! सगळ्यांना ठाऊक होते!

"वहिनी, तुला सांगणार कोण? तू माणसाला वर्गाबाहेर उभं करतेस."

"त्या बाळाचा ताप उतरला का?"

"मला काय विचारतेस? नंबर घे."

"नको मला."

ठेवला. पुन्हा लावला. नंबर घेतला.

मस्तुराने उचलला. कढई, तेल, रांगते मूल— स्पष्ट शब्दांत सुनावले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आम्ही शनिवारी सकाळी सातला निघतो."

मी येते असे म्हटले नव्हते.

शनिवार, ९ ऑगस्ट

सकाळी पुलावर मिळाले: मुलगी एक, नऊ महिन्यांची, दूध पिऊन झालेली, ताप नाही. बाटली, टोपी, कोरडे कपडे. वाय ल्योंगने स्वतः हातात दिली. "घट्ट धर," म्हणाला. मला शिकवतो!

तपासून घेतली. नाक ह्यांचे.

संध्याकाळी परत द्यायची आहे.